मागचा आवाज

आमच्या इमारतीतले मोकाशीकाका फोनवरच्या माणसाचं बोलणं ऐकतच नाहीत. ते त्या माणसाच्या मागचं ऐकतात. तुम्ही गावाहून फोन करून "काका, पोचले हं नीट" म्हणालात, तर ते म्हणणार, "बरं झालं. मोरीतला नळ गळतोय, तो बंद करा आधी." तुम्ही वळून बघता, तर नळ खरोखर गळत असतो.

सुरुवातीला याची गंमत वाटते. मग हळूहळू वाटेनाशी होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखवहिनी एकदा जिन्यात उभ्या राहून मुलाशी स्पीकरवर बोलत होत्या. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, परीक्षेचा अभ्यास जोरात चाललाय असं सांगत होता. काका भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते. ते दोन पायऱ्या चढले, थांबले आणि म्हणाले, "समुद्र आहे मागे." एवढंच बोलून ते घरी गेले. पुण्यात समुद्र कुठून आला याचा उलगडा वहिनींनी त्याच फोनवर करून घेतला. त्यानंतर त्या पुष्कळ दिवस बोलत नव्हत्या. मुलाशी नाही, काकांशी.

लिफ्टचं प्रकरण तर याहून वाईट. आमच्या लिफ्टमध्ये दार उघडं राहिलं की एक बाई गोड आवाजात दार बंद करायला सांगते. वर्षानुवर्षं ती सांगतेय आणि आम्ही ऐकतोय. एके दिवशी काका माझ्याबरोबर लिफ्टमध्ये होते. ते म्हणाले, "बिचारीचं पोर रडतंय, तरी हसून बोलतेय बघा."

मी म्हटलं, "कुणाचं पोर?"

"हिचं. रेकॉर्डिंग केलं तेव्हा पलीकडच्या खोलीत रडत असणार. शेवटच्या शब्दाला ऐका."

मी ऐकलं. आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि एकदा कळल्यावर ते जाईना. त्या गोड वाक्याच्या शेपटीला, खूप लांब, एक लहान मूल रडत होतं. मी घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी सांगितलं, आणि आठवडाभरात सबंध इमारत जिन्यानं ये-जा करायला लागली. गुडघे दुखणाऱ्या तळवलकर आजीसुद्धा. शेवटी सोसायटीनं माणूस बोलावून ती बाई बंद करून घेतली. आता दार उघडं राहिलं तर नुसती घंटा वाजते. मी अजून घंटेच्या शेवटी कान देते.

तर असे हे सदानंद मोकाशी. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मीटर तपासण्याच्या कामावर होते, आता रिटायर. लग्न केलं नाही. आई होती, ती काही वर्षांपूर्वी गेली. अंगानं काडी, चेहरा गंभीर, आणि गोखले रोडला जाताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे. रिक्षांच्या हॉर्नपासून कान जपायला. त्यामुळे त्यांना रस्त्यात कुणी हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि माणूस शिष्ट आहे असं निम्म्या नौपाड्याचं मत आहे.

बोलताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मूळ काय?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की म्हणे बिल्डर पळून जाणार आहे, की काका हात वर करून विचारणार, "याचं मूळ कोण? आणि मोठं कोणी केलं?" कारण त्यांच्या मते जगात तीनच गोष्टी असतात. आवाज जिथून निघतो ते मूळ, त्याला मोठं करणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि कानाशी बसणारा हेडफोन. तिघांचं जमलं तर ठीक, नाहीतर नुसता गोंगाट. आमच्या मीटिंगमध्ये सगळे अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि मूळ कुणीच नाही, असं ते एकदा सेक्रेटरींच्या तोंडावर म्हणाले. ते मिनिट्समध्ये घ्यायचं की नाही यावर आणखी एक मीटिंग झाली.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो हेडफोनमुळेच. माझं काम ऐकून टाइप करायचं. लोकांच्या मुलाखती, व्याख्यानं, कुठल्या तरी संस्थेच्या चर्चा, असं रेकॉर्डिंग येतं आणि मी घरी बसून शब्दन् शब्द उतरवून देते. जे कळत नाही तिथे कंसात "अस्पष्ट" लिहायचं. मध्यंतरी माझं काम म्हणजे सगळं अस्पष्टच झालेलं. चांगला महागातला हेडफोन आणलेला, तरी माणसं तोंडात सुपारी धरून बोलतायत असं वाटायचं. आई म्हणाली, "अगं, मोकाशांकडे जा."

मी दुपारी गेले. दार उघडलं आणि आत अंधार. खिडक्यांवर गोधड्या लावलेल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पंखा बंद. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यातला सेल काढलेला, टिकटिक नको म्हणून. फ्रिजसुद्धा ऐकायच्या वेळी बंद करायचे, त्यामुळे त्यांच्याकडचं दूध कायम नासलेलं. डोळे सरावल्यावर दिसलं की समोरच्या भिंतीवर खुंट्यांना हेडफोन टांगलेत, ओळीनं, आणि प्रत्येकावर मऊ कापडाची टोपी. कापड जुन्या साड्यांचं. अंधारात ती बरीच माणसं मान खाली घालून उभी असल्यासारखी दिसत होती. मी चप्पल काढू की पळू, या विचारात होते.

"मूळ काय?" काकांनी विचारलं.

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी माझा हेडफोन हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले की हेडफोन चांगला आहे, मोबाइलही चांगला आहे, पण दोघांचं पटत नाही. हा हेडफोन अडेल जातीचा. याला मागून जोर लागतो, मोबाइलच्या जिवावर तो तोंडच उघडत नाही. उलट काही हेडफोन इतके हळवे असतात की जोरदार अ‍ॅम्प्लिफायरला लावले तर गाणं राहतं बाजूला आणि नुसती सळसळ ऐकू येते. माणूस दुकानात जातो, सगळ्यात भारी हेडफोन आणतो, आणि तो कुणाच्या हाती सोपवतोय याचा विचार करत नाही.

मग त्यांनी भिंतीवरचे एकेक उतरवले. त्यांच्यासाठी प्रत्येकाचा स्वभाव होता. एक "तुपाळ", म्हणजे सगळं मऊ, गुळगुळीत करून देणारा. एक "करकरीत", बारीकसारीक आवाज ओरबाडून पुढे आणणारा. एक नुसताच "पोकळ". लहान डबीएवढे ते मोठ्या पेटीएवढे अ‍ॅम्प्लिफायर, त्यातला एक जुना, काचेच्या दिव्यांचा, तापला की केशरी उजेड पडायचा. हे याला लाव, ते त्याला लाव, असं करत दुपार गेली. दर वेळी ते माझ्या कानांवर हेडफोन ठेवायचे आणि समोर बसून माझा चेहरा बघायचे, पापणी न हलवता. मग हळूच विचारायचे, "मागे कोण आहे?"

मी ऐकत होते ती एका वृद्ध शिक्षकांची मुलाखत, अर्धी टाइप करून झालेली. करकरीत हेडफोन आणि ती लहान डबी, अशी जोडी जमली आणि माझ्या अंगावर काटा आला. सर उत्तर द्यायच्या आधीच कुणीतरी तेच उत्तर देत होतं. कुजबुजल्यासारखं. गावाचं नाव, शाळेचं नाव, स्वतःच्या मुलांची नावं. आधी ती कुजबुज, मग सरांचा खणखणीत आवाज. प्रत्येक उत्तराला.

मी हेडफोन काढून ठेवला. काकांनी तो स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत बसले.

"बायको आहे," ते म्हणाले. "हे विसरायला लागलेत. ती मागे बसून सांभाळून घेतेय. तुम्ही हे टाइप करू नका."

मी केलं नाही. ती जोडी मात्र त्यांनी मला दिली, वापरायला. माझं काम सुधारलं आणि झोप बिघडली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या मागे कुणीतरी असतं. कुणी उसासे टाकतं, कुणी दाराशी येऊन परत जातं. आधी मला हे माहीत नव्हतं.

त्यानंतर माझं जाणं-येणं सुरू झालं. इतर लोकही यायचे. माजिवड्याहून एक इंजिनिअर यायचा, डोंबिवलीहून एक तबला शिकवणारे गृहस्थ. काका प्रत्येकाचं अचूक जुळवून द्यायचे. स्वतः मात्र एकच जोडी ऐकायचे, आणि ती जोडी साफ चुकीची होती. दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मुळातच आवाज मऊ करणारा, त्याला लावलेला तो तुपाळ हेडफोन, आणि मूळ म्हणून जुना कॅसेट डेक. एवढं तूप कशाला, असं त्या इंजिनिअरनं विचारलंही होतं. काकांनी त्याला दार दाखवलं नाही, पण पुन्हा बसही म्हटलं नाही.

एकदा दुपारी मी डबा परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं. आत त्या दिव्यांचा केशरी उजेड आणि काका खुर्चीत, डोळे मिटलेले, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबलेला. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी एक हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटलेलेच. माझी चाहूल त्यांना कशी लागली कोण जाणे. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "आला."

मी डबा तिथेच जमिनीवर ठेवला आणि घरी आले. आईनं विचारलं, काका आहेत का घरी? मी म्हटलं, आहेत, पण त्यांच्याकडे कुणीतरी आलंय.

पावसाळा संपल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांचा कुकर जळून घरभर धूर झालेला त्याच सुमारास. शिट्ट्या होऊन गेल्या आणि यांना एकही ऐकू आली नव्हती. इमारतीत सगळ्यांना हसू आलं, की भिंतीपलीकडचं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. काका कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. बारीक, उंच आवाज गेलेत, वयानं जातात, परत यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"मला तुमचे कान हवेत, सावंतबाई," ते म्हणाले. "तुम्ही जे आहे तेच लिहिता. वाटतं ते लिहीत नाही. म्हणून तुम्ही."

मग त्यांनी सांगितलं. 

काका कॉलेजात होते तेव्हा त्यांच्या मामांनी आखातातून टेपरेकॉर्डर आणून दिलेला. तो घेऊन सगळे खडवलीला नदीवर गेले. काका, त्यांचे मित्र, आई, आणि धाकटा भाऊ विनू, शाळेत जाणारा. मित्र गाणी म्हणत होते आणि काका ती टेप करत होते. विनू मधेमधे बडबडत होता, बटणं दाबायला बघत होता. गाणं खराब होतं म्हणून काकांनी त्याला लांब पिटाळलं. ते वाक्य टेपवर आहे. "विनू, लांब जा रे, तुझा आवाज येतोय." आई शेजारीच बसलेली, तिनंही ते ऐकलेलं.

विनू लांब गेला, पाण्याकडे. थोड्या वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं की तो दिसत नाहीये. सगळे धावले. आई साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेली, तिला ओढून काढून झाडाखाली बसवावं लागलं. विनू सापडला दुसऱ्या दिवशी, गावकऱ्यांना, खालच्या अंगाला.

टेपरेकॉर्डर कातळावर तसाच राहिलेला. चालू.

"आणि कुणीतरी तो बंद केला," काका म्हणाले. "सगळे पाण्यात होते. मी एकेकाला विचारलंय, सगळ्यांना, पुन्हा पुन्हा. कुणी हात लावला नव्हता. टेप संपून आपोआप बंद झाला असंही नाही, पुढे अर्धी टेप कोरी आहे. कुणीतरी आलं, उभं राहिलं आणि बटण दाबलं. ओल्या हातांनी. पाणी ठिबकताना ऐकू येतं. त्याला बटणं दाबायची फार हौस होती."

त्यांनी तुपाळ हेडफोन माझ्या कानांवर ठेवला.

आधी मुलांची गाणी, हसणं, टाळ्या. मग तरुण मोकाशीकाकांचा आवाज, ते वाक्य. मग पुन्हा गाणं. मग गाणं मधेच तुटलं आणि हाका सुरू झाल्या. "विनू." वेगवेगळ्या आवाजांत, आधी जवळून, मग लांब लांब जात. मग माणसाचा आवाज कसलाच नाही, नुसती नदी. खूप वेळ नुसती नदी. आता कुणीतरी येणार हे मला माहीत होतं. आणि ते आलं. पावलं नाहीत, एकदम जवळ श्वास. थेंब पडल्यासारखा आवाज, ठिप, ठिप. मग खट्. आणि काही नाही.

काका माझा चेहरा बघत होते. मागे कोण, असं त्यांनी विचारलं नाही, पण मला कळलं. दर दुपारी ते याच श्वासाला भेटायचे.

मी म्हटलं की टाइप करायचं काम असतं तर मी हे दुसऱ्या जोडीवरही ऐकून घेतलं असतं.  ते म्हणाले की करकरीत त्यांनी या टेपला कधी लावलेला नाही, मुद्दामच. इतकी वर्षं घरात असून. त्याच्यावर ते ठिबकणं राहील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

तरी शेवटी त्यांनीच मला दिलेली ती जोडी घरून आणायला लावली. दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, लहान डबी जोडली, हेडफोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

या वेळी नदी वेगळीच होती, दगडांवरून जाणारी, धारदार. हाका संपल्या. मग मी पावलं ऐकली, वाळूतली, सावकाश. श्वास होता. थेंब होते. आणि थेंबांच्या मधे, मघाशी पाण्यातच मिसळून गेलेलं, आणखी काहीतरी होतं. मी मागे घेऊन ऐकलं. पुन्हा घेतलं. शंका राहिली नाही.

"काका, बांगड्या आहेत," मी म्हटलं. "काचेच्या."

ते वळले नाहीत.

"नीट ऐका."

"ऐकलं. हात पुढे केला तेव्हा वाजल्या, बटण दाबताना पुन्हा."

दाराची चौकट धरून ते म्हणाले, "बाई एकच होती तिथे."

मग ते येऊन खुर्चीत बसले आणि दाराकडे बघत बोलत राहिले. आईला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ती झाडाखाली दगडासारखी बसून होती, असंच सगळे म्हणायचे. टेप त्यांनी तिच्यापासून लपवली, तिच्या कानांवर ते पडू नये म्हणून. पहिला हेडफोन घेतला तो त्यासाठीच. ती शेजारच्या खोलीत पडलेली असायची आणि ते इथे हेडफोन लावून बसायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"दुपारी या खोलीचं दार ती स्वतः ओढून घ्यायची," ते म्हणाले. "रोज. म्हातारपणी भिंतीला धरून यायची, पण यायची. मला वाटायचं, तिला झोपायला त्रास होत असेल."

मी हेडफोन काढून मांडीवर घेतला. 

"बटण कसं दाबलंय?" त्यांनी विचारलं. "जोरात? चिडून?"

मी पुन्हा लावलं. त्या एका खट्‌साठी सगळं पुन्हा ऐकलं.

"हळू दाबलंय, काका. अगदी हळू."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे जरा वाकून, कुणी ऐकू नये अशा बेतानं विचारलं, "आणि ते ठिबकणं? ते आहे ना अजून?"

"आहे."

"या हेडफोनवरसुद्धा?"

"हो, स्पष्ट आहे."

आई कमरेएवढ्या पाण्यात गेलेली हे त्यांनीच मला घटकाभरापूर्वी सांगितलेलं. तिच्या साडीतून पाणी गळत असणार, एवढं तर कुणालाही कळलं असतं. त्यांना तर आधी कळायला हवं होतं.

"मग दोघं होते," मोकाशीकाका म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "हो काका, दोघं."